गारेला सरासरी नसते

गार केवढी होती हे मराठी माणूस सेंटिमीटरमध्ये सांगत नाही. हरभऱ्याएवढी, बोराएवढी, सुपारीएवढी, आवळ्याएवढी, फारच झालं तर लिंबाएवढी, असं तो सांगतो. जे ती झोडपते त्याच मापानं आपण तिला मोजतो. त्यात अतिशयोक्ती असेल, पण अंदाज पक्का असतो: बोराएवढी म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं गव्हाचं काय झालं असेल, लिंबाएवढी म्हटलं की तो आधी जनावरांची चौकशी करतो. दुसऱ्या दिवशी मात्र याच माणसाला एका छापील रकान्यासमोर उभं केलं जातं. नुकसान किती टक्के? तेहतीसच्या वर की खाली? माझं जे म्हणणं आहे ते या रकान्याबद्दल आहे.

आमचं गाव जालना जिल्ह्यात, अंबडच्या बाजूला, मोसंबीच्या पट्ट्यात. २०१४ च्या मार्चमधली ती दुपार. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून जवळजवळ तीन आठवडे विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रात कुठे ना कुठे रोज गारपीट चालू होती. पेपर उघडला की पांढरं झालेलं शिवार दिसायचं. तरीही आपल्यावर येईपर्यंत माणसाला ते दुसऱ्याचंच वाटतं. चारच्या सुमाराला आभाळ काळंनिळं झालं, वारा एकदम पडला आणि पत्र्यावर कुणीतरी मूठमूठ खडे टाकतंय असं वाटलं. मग मुठीची पाटी झाली आणि पाटीची ट्रॉली. घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. आजीनं सवयीनं दारातून विळा अंगणात फेकला. तिच्या लहानपणापासून गारा थांबवायचा हाच उपाय होता. लेकरं परात घेऊन बाहेर धावायला बघत होती, त्यांना ओढून आत बसवलं. पंधरा मिनिटं, फार तर वीस. थांबल्यावर जो वास आला तो मला अजून आठवतो: चिरलेल्या पाल्याचा, हिरवा, ओला वास. सगळ्या गावानं एकदम मेथी निवडायला घेतल्यासारखा.

संध्याकाळी काकांबरोबर बागेत गेलो. आंबिया बहार नुकताच सेट झाला होता, हरभऱ्याएवढी फळं धरली होती. ती सगळी खाली, पाल्यासकट, गारांत मिसळून. झाडं उभी होती, पण त्यांच्या पश्चिमेकडच्या फांद्यांची साल जागोजागी सोलली होती. काका काही बोलले नाहीत. ओढ्यापर्यंत गेले आणि पलीकडे बघत राहिले. ओढ्याच्या पलीकडे गहू उभा होता. ओंबीला धक्का नाही. मधे चाळीस-पन्नास पावलांचं अंतर. तिथं पाऊस झाला होता, गार नव्हती.

त्या गव्हाचा मालक आमच्या भावकीतलाच. पुढचे दोन दिवस तो आमच्याकडे फिरकला नाही. काकूला वाटलं, माणुसकी नाही. मला पुढे लक्षात आलं की तो लाजत होता. ज्याचं वाचलं त्याला वाचल्याची शरम वाटावी अशी ही आपत्ती आहे. दुष्काळात असं होत नाही. टँकरच्या रांगेत पाटील आणि सालगडी मागेपुढे उभे असतात, दुःखाला सोबत असते. पुरात अख्खी गल्ली शाळेत जाऊन झोपते. गार मात्र बांध बघून पडल्यासारखी पडते आणि शेजाऱ्याला शेजाऱ्यापासून तोडते.

ती तशी का पडते याचं कारण ढगात आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी जमीन तापू लागते, वरच्या थरात पश्चिमेकडून आलेली थंड हवा असते, आणि समुद्रावरून बाष्प आलं की खालची हवा जोरात वर उसळते. ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. त्यात शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब असतात. ते बर्फाच्या कणाला लागले की त्यावर गोठतात, थरावर थर चढतात. गार कापून बघितली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, काही काचेसारखे, काही दुधाळ. वर उचलणाऱ्या वाऱ्याला वजन पेललं नाही की ती खाली येते. लिंबाएवढी गार ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगानं येते. भर पावसाळ्यात ढग असतात पण ही उसळी तेवढी नसते आणि गोठणबिंदूची पातळी इतकी वर असते की बर्फ वाटेतच वितळतो. म्हणून गार ही आपल्याकडे रब्बीची, बहाराची, काढणीची वैरीण. ढगाचा गार टाकणारा भाग लहान असतो आणि ढग पुढे सरकत असतो, त्यामुळे जमिनीवर गारेचा डाग न पडता पट्टा पडतो. काही किलोमीटर लांब, रुंदीला कधी एखादा किलोमीटर, कधी त्याहून कमी. आमचा ओढा त्या पट्ट्याची कड होता, इतकंच.

ती माणसंही मारते. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबादजवळ झालेल्या गारपिटीत २४६ माणसं गेली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत गारपिटीचा सर्वांत मोठा बळी-आकडा तोच आहे. नोंदलेली सर्वांत जड गारही आपल्याच उपखंडातली: १४ एप्रिल १९८६, बांगलादेशातलं गोपालगंज, १.०२ किलो. पण हे विक्रमांचं झालं. आपल्याकडची नेहमीची गार माणसाला सहसा मारत नाही, ती वर्ष मारते.

आता मुद्दा. आपल्या सगळ्या मदतयंत्रणेचं हाड दुष्काळाचं आहे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी दुष्काळसंहिता लिहिल्या, त्यातून आणेवारी पक्की झाली, तिचीच पुढे पैसेवारी झाली. सगळ्या गावाचं पीक रुपयात किती पैसे? पन्नासच्या खाली असेल तर सवलत. दुष्काळासाठी हे माप वाईट नाही, कारण दुष्काळ खरोखरच सगळ्या गावावर सारखा पसरतो. एका वावरात जे दिसतं ते दहा वावरांत दिसतं. सरासरी काढायला अर्थ असतो. गारपिटीला हीच पट्टी लावली की काय होतं ते तोंडी गणितानं कळतं. समजा एका महसूल मंडळात वीस गावं आहेत आणि पेरा सगळीकडे सारखा आहे. पट्टा तीन गावांवरून गेला आणि तिथला हरभरा शंभर टक्के संपला, घाटे फुटून दाणे मातीत. उरलेल्या सतरा गावांत पीक नेहमीसारखं. मंडळाची सरासरी किती घटली? पंधरा टक्के. विम्याचं उंबरठा उत्पन्न सरासरीच्या सत्तर टक्क्यांवर बांधलेलं असेल तर भरपाई सुरू व्हायला तीस टक्क्यांहून जास्त घट लागते. म्हणजे तीन गावं धुऊन निघाली तरी कागदावर त्या मंडळात काहीही झालेलं नाही.

हे काल्पनिक वाटत असेल तर २०२५ आठवा. २०१६ मध्ये प्रधानमंत्री पीक विमा योजना आली तेव्हा तिच्यात एक शहाणपण होतं. दुष्काळासारख्या गोष्टींसाठी मंडळाची सरासरी, पण गारपीट, भूस्खलन, पाणी साचणं या 'स्थानिक आपत्तीं'साठी वैयक्तिक पाहणी: शेतकऱ्यानं ४८ (पुढे ७२) तासांत कळवायचं आणि कंपनीच्या माणसानं त्याच्याच वावरात येऊन बघायचं. कुणीतरी गार बघितलेल्या माणसानं हे कलम लिहिलं असणार. अंमलबजावणी कशी होती हा वेगळा विषय. ज्या वादळानं वीज आणि मोबाइलचा टॉवर घालवला त्याच वादळाची खबर ७२ तासांत मोबाइलवरून द्यायची, यातला विनोद गावाला कळत होता. तरी कलम होतं. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्रानं शेतकऱ्याकडून फक्त एक रुपया हप्ता घेणारा विमा बंद केला आणि त्याबरोबर स्थानिक आपत्तीचं हे संरक्षणही काढून टाकलं. आता भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर. म्हणजे मंडळाच्या सरासरीवर. म्हणजे माझ्या वरच्या गणितावर.

निर्णयाच्या बाजूनं जे सांगितलं गेलं ते मी हलक्यात घेत नाही. एक रुपयाच्या योजनेत लाखो बोगस अर्ज निघाले. ज्याच्या नावावर शेत नाही त्यानं, सरकारी जमिनीवर, देवस्थानाच्या जमिनीवर, न पेरलेल्या पिकाचा विमा उतरवला होता. वैयक्तिक पाहणीत हात ओले करायचे प्रकार होते हेही कुणी नाकारणार नाही. पण जरा थांबून बघा. बोगस अर्जावर सरासरी हा उपाय कसा? मंडळाला भरपाई लागू झाली की ती सगळ्या विमाधारकांना मिळते. वावर बघायला कुणी जातच नाही. ज्यानं काहीच पेरलं नाही त्याला तर ही पद्धत अधिक सोयीची. ज्याचं खरोखर गेलं त्याला मात्र शेजाऱ्याचं पीक चांगलं आलं म्हणून काही मिळत नाही. चोर पकडायचा म्हणून आपण पंचाला घरी बसवलं. खरं कारण पैशाचं आहे. सरकारच्या हिश्श्याचा हप्ता फुगला होता. तसं असेल तर तसं सांगावं.

आणि चोरीच म्हणाल, तर सगळ्या शेतीआपत्तींत गारपिटीची चोरी सर्वांत अवघड. कीड पडली की नाही यावर वाद घालता येतो, पाणी किती दिवस साचलं यावरही. गार पडली की नाही हे सगळ्या शिवाराला माहीत असतं. तिचा मार एका बाजूनं असतो, फांदीवरच्या, धांड्यावरच्या जखमा एकाच दिशेला तोंड करून असतात. ढगाचा मार्ग रडारवर दिसतो. मोठ्या गारपिटीचा पट्टा उपग्रहाच्या आधीच्या-नंतरच्या चित्रांत ओळखू येतो. शिवाय २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आहे: कोणत्या गटात कोणतं पीक, शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलनं काढलेल्या फोटोसकट. गटागटाची माहिती गोळा करायची सोय झाली आणि त्यानंतर चार वर्षांनी आपण गटाकडे बघणंच बंद केलं.

मला यातली सर्वांत मोठी विसंगती मात्र वेगळीच वाटते. विम्याच्या शास्त्रात दुष्काळ हा अवघड गडी आहे. तो आला की सगळ्यांवर एकदम येतो, सगळे एकदम पैसे मागतात, विमा कंपनी बुडते. म्हणून सरकारला मध्ये यावं लागतं. गारपीट नेमकी उलटी. ती एका वर्षी ह्याच्यावर, दुसऱ्या वर्षी त्याच्यावर. शंभरांनी थोडं थोडं टाकलं तर पाचांचं भरून निघतं. विमा या कल्पनेला याहून योग्य संकट शेतीत दुसरं नाही. आणि इतिहासही तेच सांगतो. जर्मनीत मेक्लेनबुर्गच्या जमीनदारांनी गारपिटीची परस्पर विमा संस्था काढली ती १७९७ साली. आपल्याकडे तेव्हा सवाई माधवराव गेल्यानंतरचा गोंधळ चालू होता. स्वित्झर्लंडची गारपीट विमा सहकारी संस्था १८८० ची, अजून चालू आहे, आणि तिथं नुकसान बघायला येणारा माणूस बहुधा दुसऱ्या भागातला शेतकरीच असतो. अमेरिकेत दुष्काळासकट सगळ्या धोक्यांचा विमा खासगी कंपन्यांना झेपला नाही, तो १९३८ मध्ये सरकारला सुरू करावा लागला. गारपिटीचा विमा मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून खासगीत चालू होता आणि आजही चालतो. म्हणजे जगात पीक विम्याची सुरुवात ज्या संकटापासून झाली, जे संकट विम्याला सर्वांत सोपं, तेच आपण पीक विम्यातून बाहेर काढलं.

परस्पर विम्याची ही कल्पना आपल्याला परकी आहे असंही नाही. विदर्भात आणि जुन्या मध्य प्रांतात गारपगारी नावाचा समाज होता. नावातच पद आहे: गारांसाठी ज्याला पगार तो. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जातिजमातींवरील ग्रंथात त्याचं वर्णन आहे. रात्री आभाळ तांबडंकाळं दिसलं की हा तलवार घेऊन मारुतीपुढे उभा राहायचा. आधी विनवणी, मग धमकी, मग स्वतःला इजा करून घ्यायची तयारी. त्याबद्दल गावातला प्रत्येक कास्तकार त्याला ठरलेलं धान्य द्यायचा. हसू येतं. पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती जी आज नाही: गार कुणाच्या वावरात पडेल हे आधी कुणालाच माहीत नाही, म्हणून वर्गणी सगळ्यांनी द्यायची, हे गावानं मान्य केलेलं होतं. मारुतीनं ऐकलं नाही तर नुकसान ज्याचं त्याचं. तेवढी एक पायरी राहिली होती. ती आपण अजून चढलेलो नाही.

तलवारीची जागा पुढे तोफेनं घेतली, अकलेत फार फरक पडला नाही. १८९६ मध्ये ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतात आल्बर्ट श्टिगर या द्राक्ष बागायतदारानं आभाळाकडे तोंड केलेल्या तोफा लावल्या. दोन-चार वर्षं योगायोगानं गारा कमी पडल्या, तोफांचं पीक युरोपभर आलं, परिषदा भरल्या; सरकारी चाचण्या झाल्या तेव्हा तोफा डागूनही गारा पडायच्या तशा पडल्या आणि कारभार आटोपला. २०१० मध्ये हिमाचलनं सफरचंदांसाठी परदेशी गारारोधक तोफा आणल्या. पुढे आयआयटी मुंबईनं स्वस्त देशी तोफेवर काम केलं. त्यांच्या अभियांत्रिकीबद्दल आदर ठेवूनही म्हणतो, आवाजाच्या लाटेनं गार फुटते याचा पटण्यासारखा पुरावा सव्वाशे वर्षांत मिळालेला नाही. जाळी मात्र काम करते. हिमाचलात सफरचंदाच्या बागांवर अनुदानाची जाळी दिसते ती त्यामुळेच. आपल्याकडे द्राक्षाला प्लास्टिकचं आच्छादन करायचं तर खर्च एकरी साडेचार-पाच लाखांच्या घरात जातो. अनुदान धरूनही निर्यात करणाऱ्यालाच परवडतं. गव्हावर, हरभऱ्यावर, कांद्यावर, शाळूवर कोण जाळी टाकणार? तिथं पैशाचंच छत्र घालावं लागतं.

तो पैसा आज कसा येतो? आपत्ती प्रतिसाद निधीतून, पंचनाम्यानं. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक एकत्र येऊन बघतात. (तिघांचीही पदनामं अलीकडे भारदस्त झाली आहेत, वावरं तेवढीच आहेत.) नुकसान तेहतीस टक्क्यांच्या वर पाहिजे. २०१५ पर्यंत ही अट पन्नास टक्क्यांची होती, ती खाली आली हे चांगलं झालं. पण तेहतीस टक्के कशाचे? द्राक्षाच्या घडात पाच मणी फुटले तर मोजणारा म्हणेल पाच टक्के. त्या पाच मण्यांचा रस उरलेल्यांवर उतरतो, बुरशी धरते, आणि निर्यातीच्या पेटीतून तो घडच बाद होतो. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर निफाड, दिंडोरीकडे गार पडली तेव्हा बागा नुकत्या फुलोरा-मणी धरण्याच्या टप्प्यांवर होत्या. अशा बागेचं नुकसान त्या दिवशी बघून कळत नाही, ते पुढच्या दोन महिन्यांत उलगडत जातं. कांद्याचं तर त्याहून लांब. मार्चमध्ये पात फाटते, कांदा वरून धडधाकट दिसतो, शेतकरी तो चाळीत भरतो आणि आषाढात चाळीखालून पाणी गळायला लागतं. डोंगळे मोडले तर नुकसान पुढच्या हंगामात, बियाण्याच्या भावात दिसतं. डाळिंबाच्या जखमेतून तेल्या शिरतो. मोसंबीला डिंक्या लागतो. काकांच्या बागेत पंचनाम्यात लिहिलं गेलं ते फळगळ. सालीवरच्या जखमांना रकाना नव्हता. पुढच्या तीन वर्षांत त्या बागेतली निम्मी झाडं वाळली, आणि ती वाळली तेव्हा गारपीट कधीच जुनी झाली होती.

यात आणखी एक क्रूर अडचण आहे. गारेनं झाड फुटलं की पहिले दोन दिवस मोलाचे. मोडलेल्या फांद्या काढायच्या, जखमांवर बोर्डो मिश्रण किंवा ताम्रयुक्त बुरशीनाशक मारायचं, साचलेलं पाणी काढून द्यायचं. बारामतीजवळच्या अजैविक ताण संस्थेनं २०१४ नंतर गारपिटीवर खास पुस्तिका काढली, तिचाही भर अशाच काळजीवर आहे. पण शेतकऱ्याला गावात सल्ला मिळतो तो उलटा: पंचनामा होईपर्यंत हात लावू नको, पुरावा जाईल. पुरावा सांभाळायचा की झाड? २०२३ च्या मार्चमध्ये याची हद्द झाली. जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचारी १४ ते २० मार्च संपावर होते आणि नेमक्या त्याच आठवड्यात गारपीट झाली. आडवा गहू तसाच पडून राहिला, कारण तो बघायला यायचे ते लोक घोषणा देत होते. संपकऱ्यांच्या मागणीविरुद्ध माझं काही नाही. प्रश्न इतकाच की शेतकऱ्यानं स्वतः काढलेला, जागा-वेळ नोंदलेला फोटो पुरावा म्हणून का चालू नये? पेरणीच्या नोंदीला त्याचा फोटो चालतो. नुकसानीलाच का नाही?

फोटो म्हटल्यावर २०१८ चा फेब्रुवारी आठवतो. मराठवाड्यात गारपीटग्रस्त शेतकऱ्यांच्या हातात नाव-गट नंबर लिहिलेल्या पाट्या देऊन त्यांना मोडलेल्या पिकात उभं करून फोटो काढले गेले. कैद्यांचे काढतात तसे. संताप झाला आणि तो रास्त होता. पण त्या संतापात एक बारीक गोष्ट वाहून गेली. गटागटाचा पुरावा घ्यायचा विचार बरोबर होता, चूक होती ती माणसाला पाटी धरायला लावण्यात. पीक साक्षीदार आहे, मालक आरोपी नाही, एवढा फरक कळला असता तर पुरे होतं. आपण दोन्ही टाकून दिलं.

रकमेबद्दल फार लिहीत नाही. केंद्राच्या निकषांत बहुवार्षिक पिकांना हेक्टरी २२,५०० रुपये आहेत, तेही दोन हेक्टरपर्यंत; राज्य कधी त्यात भर घालतं, कधी भर काढून घेतं, बहुतेक वेळा निवडणुकीचं पंचांग बघून. २०१४ ला तर उलटं झालं, आचारसंहिता ५ मार्चला लागली आणि सुमारे चार हजार कोटींच्या पॅकेजला निवडणूक आयोगाची वाट बघावी लागली. घराचं सांगायचं तर अंशतः पडझडीला किमान पंधरा टक्के नुकसान लागतं. सिमेंटच्या पत्र्याला चाळीस भोकं पडली तर ते किती टक्के, हे मी एका अधिकाऱ्याला विचारलं होतं. ते हसले. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं आणि ते प्रामाणिक होते.

आणि सातबारा ज्याच्या नावावर नाही त्याचं काय? बटाईनं, ठोक्यानं वावर करणारा, बहार लागतानाच बाग विकत घेऊन बसलेला छोटा व्यापारी, मोसंबीच्या तोडीवर दोन महिने पोट असणारी बाई. गार या सगळ्यांवर पडते, पैसे मालकाच्या खात्यात जमा होतात. २०१४ च्या मदतीचे जे काही आले ते काकांनी बटाईदाराबरोबर निम्मे वाटून घेतले, पण ते त्यांनी वाटले म्हणून वाटले गेले. त्यांना कुणी विचारलं नसतं.

फळबागांना हवामानावर आधारित वेगळा विमा आहे आणि त्यात गारपिटीचं संरक्षण अजून मिळतं, पण ऐच्छिक, वेगळा हप्ता भरून. बहुतेकांना ते माहीत नसतं. मागच्या वर्षी काकांचा आंबिया बहाराचा अर्ज भरायला मी त्यांच्याबरोबर केंद्रावर गेलो. वाळलेल्या झाडांच्या जागी त्यांनी नवी लावली होती, ती आता धरती झाली होती. केंद्रावरचा पोरगा भराभर खाली सरकत होता. गारपिटीच्या चौकोनापाशी त्याचं बोट थांबलंच नाही, तो पुढे गेला. मी म्हटलं, मागं घे, ते राहिलं. तो म्हणाला, "त्याचे जास्तीचे लागतात दादा, कुणी घेत नाही." काकांनी मला विचारलं, ते काय आहे. मी सांगितलं. त्यांनी क्षणभर हिशोब केला, बहुधा पैशाचा नसावा.

"टाक," ते म्हणाले. "मागच्या साली वड्याच्या पलीकडं पडली. औंदा आपली पाळी."